ऐच्छिक पेपर : द्यावा की सोडावा?

ऑगस्ट उजाडला की वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या महाविद्यालयांतल्या पोरापोरींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : 'स्वयम'चा पेपर भरायचा का? उत्तरंही ठरलेली असतात. एक म्हणतो, भरून टाक, कुठंतरी कामी येईल. दुसरा म्हणतो, विद्यापीठाचेच पेपर निघता निघत नाहीत, अजून एक कायले? मग एखादी मुलगी विचारते, याचे क्रेडिट मार्कलिस्टमध्ये लागतात का? तिला उत्तर मिळत नाही. ग्रुपवर कुणालाच ते ठाऊक नसतं, आणि पुष्कळदा महाविद्यालयाच्या कार्यालयातही नसतं.

खरा प्रश्न तिचाच. बाकी दोघांनी विचार टाळला आहे. 'कुठंतरी कामी येईल' म्हणणारा हजार रुपये आणि बारा आठवडे कशासाठी घालतोय हे स्वतःला विचारत नाही. 'कायले' म्हणणारा समोर आलेली वस्तू उलटून पाहत नाही. ऐच्छिक परीक्षेबद्दल आपल्याकडे असंच होतं. सक्तीच्या परीक्षेचं काय करायचं ते आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे : गाईड आणायचं, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढायच्या आणि पास व्हायचं. 'तुझी इच्छा असेल तर बस' असं कुणी म्हटलं की आपण गोंधळतो.

आधी व्यवहार नीट समजून घेऊ. 'स्वयम' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ २०१७ च्या जुलैत सुरू झालं. त्यातला सगळ्यात जुना आणि वजनदार भाग आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने चालवलेल्या एनपीटेलचा. त्याची व्याख्यानं फुकट, दर आठवड्याचा स्वाध्याय फुकट. परीक्षा मात्र ऐच्छिक. तिची फी एका विषयाला हजार रुपये, आणि ती घरून देता येत नाही. केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, देखरेखीखाली द्यावी लागते. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात २५ गुण स्वाध्यायांचे, तेही बारांपैकी उत्तम आठ धरून, आणि ७५ गुण परीक्षेचे. पंचवीसपैकी १० आणि पंच्याहत्तरपैकी ३० मिळाले की प्रमाणपत्र हातात. महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम आधी मंजूर केला असेल तर त्याचे साधारण तीन क्रेडिट पदवीत धरले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली एका सत्रातले वीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे बाहेरून घ्यायला मुभा दिली होती. २०२१ साली ती चाळीस टक्क्यांवर नेली. त्याच वर्षी क्रेडिटची बँकही आली. तिथे जमा झालेलं क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतं.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, म्हणजे सत्राला वीस-बावीस. तीन क्रेडिट म्हणजे एका सत्राचा सातवा हिस्सा. ऐच्छिक पेपर ही किरकोळ गोष्ट नाही, एवढं या हिशेबावरून दिसतं.

पण ऐच्छिक परीक्षा ही चीज वर्ध्याला नवी नाही. १९३६ साली इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. हिंदीनगरातून ती ज्या परीक्षा घेत आली त्यांची नावं मराठी घरांना पाठ आहेत : प्राथमिक, प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद, रत्न. त्या काळी या परीक्षेला बसण्याची सक्ती कुणावर नव्हती. शाळेतली पोरं बसत, तशी दुकानदार, कारकून, घर सांभाळणाऱ्या बायका, शाळा कधीच सुटलेली प्रौढ माणसंही बसत. गावोगावचे प्रचारक संध्याकाळचे वर्ग घेत, फॉर्म भरून घेत, केंद्राची व्यवस्था पाहत. वर्ध्याच्या नावाचं प्रमाणपत्र गुजरातपासून आसामपर्यंतच्या घरांत भिंतीला लागलं.

या परीक्षांची एक गोष्ट आजच्या धोरणकर्त्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे. त्यांना पायऱ्या होत्या. पहिली पायरी इतकी खाली की देवनागरी वाचता येणाऱ्या कुणालाही पाय टाकता यावा. शेवटची इतकी वर की तिथे साहित्याचा कस लागावा. एक चढलास तर पुढची चढ, नाही चढलास तरी लाज नाही. एनपीटेलच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. तिथली पहिली पायरीच आयआयटीच्या वर्गाच्या उंचीची, आणि परीक्षा बहुतेक इंग्रजीत. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातून मराठी माध्यमात बारावी करून आलेली मुलगी तो अभ्यासक्रम उघडते तेव्हा विषयाआधी तिला भाषा अडते. व्याख्यानांचे मराठी अनुवाद काही ठिकाणी मिळतात, पण परीक्षेच्या पडद्यावर अनुवाद मदतीला येत नाही. तिने पेपर सोडला तर तो आळस म्हणता येणार नाही.

राष्ट्रभाषा परीक्षांची दुसरी गोष्ट क्रेडिटशी थेट जोडलेली आहे. केंद्र सरकारने त्यांना मान्यता दिली, ती अशी : परिचय मॅट्रिकच्या हिंदीच्या पातळीची, कोविद इंटरच्या, रत्न बी.ए.च्या हिंदीच्या. आणि सोबत स्पष्ट अट : ही मान्यता फक्त हिंदी भाषेच्या पातळीपुरती, रत्न झालेल्याला बी.ए. समजू नये. एवढी एक ओळ किती जणांनी वाचली नसेल! कोविद झालो म्हणजे इंटर झालो, असं समजून अर्ज करणारी आणि परत पाठवली जाणारी माणसं त्या पिढीत कमी नव्हती. अटीत गैर काही नव्हतं. भाषा येणं वेगळं, पदवी वेगळी. पण परीक्षा देणाऱ्याला ती अट फी भरण्याआधी कळायला हवी होती. आज 'मार्कलिस्टमध्ये लागतात का' विचारणारी मुलगी नेमकी तीच ओळ शोधते आहे.

बरं, मान्यतेने त्या परीक्षेचं काय झालं? मान्यता आली आणि तिच्याबरोबर गाईडं आली, अपेक्षित प्रश्नसंच आले, शाळेच्या शाळा वर्गणी गोळा करावी तशा एकगठ्ठा बसवल्या जाऊ लागल्या. माझ्या वयाच्या कितीतरी माणसांनी शाळेत राष्ट्रभाषेच्या परीक्षा 'दिल्या' आहेत, पण विचारलं तर त्यांना फक्त प्रमाणपत्राचा रंग आठवतो. चित्रकलेचंही तसंच. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, मुळात हात असलेल्या मुलांसाठी होती. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागले, ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३, आणि पालकसभेतली चर्चा बदलली. 'हिला चित्र आवडतं' हे वाक्य मागे पडलं. 'सात मार्क कशाला सोडायचे' हे पुढे आलं. सात गुणांनी कुणाचं वाईट झालं नाही. पण जी परीक्षा आवडीने द्यायची ती हिशेबाने दिली जाऊ लागली. गुण चिकटले की ऐच्छिक परीक्षेचा स्वभाव बदलतो. या लेखाचा मुद्दा हाच आहे, आणि वर्ध्याला तो अनुभवाने माहीत आहे.

वर्ध्याने याचं दुसरं टोकही पाहिलं आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथल्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे नंतरच्या नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने डिसेंबरात अहवाल दिला. नई तालीम म्हणून जी शिक्षणपद्धती पुढे ओळखली गेली तिचा तो पाया. त्या अहवालाने चालू परीक्षापद्धतीला शिक्षणाचा शाप ठरवलं. मुलाला वरच्या वर्गात घालायचं की नाही हे त्याच्या शिक्षकांनी ठरवावं आणि बाहेरच्या तपासनीसाने मुलाला नव्हे, शाळेला तपासावं, अशी त्यांची दिशा होती. एकेका मुलाच्या डोक्यावर परीक्षा ठेवण्यापेक्षा शाळेचं काम नमुन्याने तपासा, हा विचार आजही ताजा वाटतो.

मात्र इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. परीक्षा नको म्हणणारी नई तालीम मोजमाप नको म्हणत नव्हती. सेवाग्रामच्या पोरांचं सूत मोजलं जाई. किती तार निघाले, त्याची गुंडी झाली का, अंक किती, मजबुती किती. सहाशे चाळीस तारांची एक गुंडी होते, त्यात लांड्यालबाडीला जागा नाही. सूत तुटलं तर तुटलं, ते गाईड वाचून जोडता येत नाही. बसण्याचे तास आणि पाठांतर मोजणाऱ्या परीक्षेपेक्षा हे मोजमाप कडक होतं. आजच्या क्रेडिटशी याची तुलना करून पाहा. पंधरा तासांची व्याख्यानं म्हणजे एक क्रेडिट. डोक्यात काय उतरलं याचा हिशेब नंतरचा. आधी खुर्ची किती वेळ अडवली ते.

ही तासांची मोजणी आली कुठून हे कळलं की थोडं हसू येतं. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगीने अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन कुठल्या महाविद्यालयाला द्यायची हे ठरवायला 'महाविद्यालय' कशाला म्हणायचं हे ठरवणं भाग पडलं. मग प्रवेशाआधी शाळेत कोणता विषय किती तास शिकलेला असावा याचं एकक पक्कं झालं. त्याच विचाराच्या ओघात महाविद्यालयातले क्रेडिटचे तासही रुळले. म्हणजे म्हाताऱ्या मास्तरांच्या पेन्शनची सोय करता करता साऱ्या जगाच्या शिक्षणाला तासांचं माप लागलं. त्या मापाने आज आर्वीच्या पोरीच्या पदवीचा हिशेब होतो.

पेपर द्यावा की सोडावा हा प्रश्न अमेरिकेतल्या मराठी घरांत वेगळ्या रूपात येतो. तिथे हायस्कूलमध्ये 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट'चे, म्हणजे एपीचे, विषय असतात. वर्षभर वर्गात तो विषय शिकायचा आणि मे महिन्यात त्याची परीक्षा द्यायची की नाही, हे बहुतेक ठिकाणी ज्याचं त्याने ठरवायचं. परीक्षेची फी विषयाला शंभर डॉलरच्या आसपास. गुण १ ते ५. पुष्कळ सरकारी विद्यापीठं तिनाला क्रेडिट देतात, काही चार-पाच मागतात, आणि काही नामांकित विद्यापीठं अगदी पाचालाही क्रेडिट न देता फक्त वरच्या वर्गात बसू देतात. न्यू जर्सीतले आईबाप आणि त्यांचा मुलगा एप्रिलमध्ये ज्या कोष्टकाकडे बघत बसतात ते हेच : कुठल्या विद्यापीठात कुठल्या विषयाचे किती.

त्यांच्या आणि आपल्या प्रश्नात एक मोठा फरक आहे. तिथे क्रेडिट वाचलं तर पैसा वाचू शकतो. पुष्कळ ठिकाणी फी क्रेडिटच्या हिशेबाने असते. पुरेशी क्रेडिटं आधीच खिशात असली तर एखादं सत्र कमी बसून पदवी घेता येते. शंभर डॉलर घालून हजारो वाचवण्याचा तो सौदा असतो. आपल्याकडे क्रेडिट आलं, बँक आली, बारा अंकी ओळखक्रमांक आला. पण बाहेरून तीन क्रेडिट आणले म्हणून महाविद्यालयाने फी कमी केल्याचं उदाहरण मला दाखवा. विद्यार्थी सत्राची पूर्ण फी भरतो आणि वर परीक्षेचे हजार भरतो. अमेरिकेतली गोष्ट उचलताना तिच्यातला विद्यार्थ्याच्या फायद्याचा भाग वाटेत गळाला. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना फीत सवलत असते, हे खरं. पण दोन एकर कोरडवाहू कपाशीवाल्याच्या घरी एरवीही हजार रुपये म्हणजे फवारणीचा एक खर्च असतो.

त्यात तारखा. जुलैच्या सत्राच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या शनिवार-रविवारी येतात. त्याच दिवसांत सोयाबीन काढणीला आलेलं असतं, कपाशीची पहिली वेचणी सुरू असते आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षा डोक्यावर असते. केंद्र नागपूरला आलं तर वर्ध्याहून पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. आष्टीहून त्याच्याही पलीकडे. सकाळच्या पेपरला पोचायचं तर आदल्या रात्री निघावं लागतं, आणि मुलगी असेल तर सोबत कुणीतरी. 'ऐच्छिक' म्हणताना ही सगळी इच्छा कुणाला परवडते याचा विचार धोरणाच्या कागदावर कधी दिसत नाही.

मग सोडावाच का हा पेपर? इथे वर्ध्यातलंच एक मोठं उदाहरण हटकून दिलं जातं. विनोबा १९१६ साली इंटरची परीक्षा द्यायला बडोद्याहून मुंबईकडे निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. त्याआधी त्यांनी आपली प्रमाणपत्रं आईसमोर चुलीत घातली होती. पुढे १९२१ साली ते वर्ध्याला आले आणि अखेरची वर्षं पवनारच्या धाम नदीकाठी राहिले. परीक्षेच्या नावाने नाकं मुरडणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट गोड लागते.

मला ती गोष्ट आदराची वाटते, पण सल्ला म्हणून चालत नाही. ज्याच्याजवळ कागदाशिवायही पुरावा आहे त्याने कागद जाळावा. विनोबांजवळ संस्कृत होतं, गणिताची विलक्षण बुद्धी होती, वाचन होतं, आणि ते ओळखणारी माणसं भेटणार होती. समुद्रपूर तालुक्यातल्या पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलाजवळ आडनावाचं वजन नाही, इंग्रजी शाळेचा बॅज नाही, ओळखीचा काका पुण्याच्या कंपनीत नाही. त्याच्याजवळ कागदच आहे. नई तालीमची उत्तर बुनियादी, म्हणजे वरच्या टप्प्याचं शिक्षण, पूर्ण केलेल्या मुलांनाही हाच अनुभव आला : हातात कसब होतं, डोक्यात विचार होता, पण विद्यापीठांची दारं सहज उघडेनात, कारण मॅट्रिकचं प्रमाणपत्र नव्हतं. परीक्षा शाप असेल. पण ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांनाच आधी तो शाप सोडून द्यायला सांगणं ही सुखवस्तू घरातली चैन आहे.

आणि एनपीटेलच्या प्रमाणपत्राला एक गुण आहे जो आपल्या विद्यापीठीय मार्कलिस्टला आता उरलेला नाही. ते कुठल्या महाविद्यालयात बसून मिळवलं यावर त्याची किंमत ठरत नाही. प्रश्नपत्रिका तीच, परीक्षेची पद्धत तीच, मग विद्यार्थी मुंबईचा असो की सेलूचा. अंतर्गत गुणांची खैरात नाही, 'सरांना भेटून घे' नाही. नव्वदच्या वर गेलात तर सुवर्ण, पंच्याहत्तरच्या वर रौप्य, असं त्यावर लिहून येतं. जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या हुशार मुलाला बाहेरच्या मापाने स्वतःला मोजून बघायची अशी संधी क्वचित मिळते. ती फक्त 'कायले' म्हणून सोडू नये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. क्रेडिटला न जोडलेली ऐच्छिक परीक्षा ही भारतीय विद्यार्थ्याच्या आयुष्यातली एकमेव परीक्षा आहे जिच्यात नापास होता येतं. म्हणजे खरोखर होता येतं. नापास झालो तर हजार रुपये जातात, बाकी काही नाही. बॅक लागत नाही, वर्ष जात नाही, मार्कलिस्टवर डाग नाही, गावात बोभाटा नाही. पहिलीपासून आपण मुलांना नापासाच्या भीतीवर वाढवतो आणि मग म्हणतो की ही पोरं धाडस करत नाहीत. इथे धाडसाला जागा आहे. बी.कॉम.च्या मुलाने संख्याशास्त्र घ्यावं, रसायनशास्त्राच्या मुलीने तत्त्वज्ञान घ्यावं, शेतकऱ्याच्या पोराने मृदाविज्ञान घेऊन बघावं. पण प्रत्यक्षात काय होतं? मुलं आपल्याच अभ्यासक्रमातला, तोही सोपा म्हणून गाजलेला विषय निवडतात. स्वाध्यायांची उत्तरं टेलिग्रामवरून उतरवतात. नापास व्हायची मोकळीक असलेल्या एकुलत्या एका ठिकाणीही आपण पास होण्याची व्यवस्था करून जातो.

तोच पेपर क्रेडिटला जोडला की ही मोकळीक संपते. मग तो नापास झाला तर सत्राचे तीन क्रेडिट कमी पडतात. म्हणून माझं म्हणणं असं की विद्यार्थ्याने या दोन परीक्षा एक समजू नयेत, जरी वेबसाइट एक, फी एक आणि प्रश्नपत्रिकाही एकच असली तरी. क्रेडिटसाठी द्यायची असेल तर ती सक्तीच्या पेपरसारखीच घ्यावी : जमेल असा विषय, लेखी मंजुरी आधी, आणि मुख्य म्हणजे तिच्या बदल्यात महाविद्यालयातला एक पेपर कमी झाला पाहिजे. कमी होत नसेल, नुसती भर पडत असेल, तर ते क्रेडिट नसून ओझं आहे; घेऊ नये. स्वतःसाठी द्यायची असेल तर याच्या उलट वागावं. अवघड विषय घ्यावा, आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा, आणि तीस गुण नाही मिळाले तरी चालतील अशा बेताने बसावं. बायोडाटात एक ओळ वाढावी एवढ्यासाठीच बसायचं असेल तर मात्र हजार रुपयांत चांगली दोन-तीन पुस्तकं येतात.

इथे प्राध्यापकांची एक तक्रार ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. विद्यार्थी बाहेरून क्रेडिट आणू लागले की महाविद्यालयातला तासिकांचा कार्यभार घटतो, आणि कार्यभारावरच पदं मंजूर होतात. आधीच निम्मा वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतो. चाळीस टक्के शिक्षण पडद्यावरून येऊ लागलं तर जिल्ह्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा माणूस नेमायची गरज काय, असा प्रश्न उद्या अधिकारी विचारणार, आणि आयआयटीच्या प्राध्यापकाचा व्हिडिओ दाखवून उत्तरही तोच देणार. हा धोका आहे. पण त्याची शिक्षा मुलांना देऊ नये. रिकाम्या जागा भरा म्हणून भांडायचं ते सरकारशी. मुलाने बाहेरचा पेपर दिला म्हणून त्याच्या मंजुरीच्या अर्जावर महिनाभर बसून राहण्याने पद भरलं जात नाही.

याच्या बरोबर उलटं टोकही दिसतं. काही ठिकाणी ऐच्छिक परीक्षा गुपचूप सक्तीची होते. मूल्यांकनाला येणाऱ्या समितीपुढे आकडा दाखवायचा म्हणून वर्गातल्या सगळ्यांना नोंदणी करायला लावतात. न करणाऱ्याकडे अंतर्गत गुण देताना डोळे वटारून बघतात. ज्या परीक्षेला 'नाही' म्हणता येत नाही तिला ऐच्छिक म्हणू नये. राष्ट्रभाषेच्या परीक्षांना शाळांनी एकगठ्ठा मुलं बसवली तेव्हा हिंदी वाढली नाही, फक्त फॉर्म वाढले. तीच चूक नव्या पोशाखात पुन्हा करायची गरज नाही.

महाविद्यालयांकडून अपेक्षा फार नाही. सत्र सुरू व्हायच्या आधी, कुठल्या विषयाचे किती क्रेडिट धरले जातील आणि त्याच्या बदल्यात कुठला पेपर सुटेल याची यादी नोटीस बोर्डावर लावावी. फी पास झाल्यावर परत देण्याची पद्धत काही संस्थांत असते. ती पास होण्यावर न ठेवता गरज पाहून आधीच द्यावी, कारण ज्याच्याकडे भरायलाच हजार नाहीत त्याला परतीचं आश्वासन काय कामाचं? आणि प्रचारकांची जुनी पद्धत पुन्हा आणावी : आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या शिक्षकाने त्या विषयाच्या दहा-बारा मुलांना घेऊन बसावं, इंग्रजी व्याख्यानातलं अडलेलं मराठीतून सोडवून द्यावं. एवढं झालं तर आष्टीच्या मुलीलाही पहिल्या पायरीवर पाय ठेवता येईल.

आणि ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीसाठी एक व्यवहाराची गोष्ट. अभ्यासक्रमाची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी वेगवेगळी असते, आणि अभ्यासक्रम सुरू झाल्यावरही काही आठवडे परीक्षेची फी भरता येते. तेव्हा घाई करू नकोस. आधी फुकटात नाव घाल, दोन-तीन आठवड्यांची व्याख्यानं ऐक, स्वाध्याय स्वतः सोडव. विषय झेपतोय आणि आवडतोय असं वाटलं तर विभागप्रमुखांकडे जा, कुठल्या पेपरच्या बदल्यात किती क्रेडिट धरणार हे कागदावर लिहून त्यांची सही घे. सही मिळाली तर भर. नाही मिळाली आणि तरीही ती परीक्षा द्यावीशी वाटली, तर जरूर भर; फक्त मग मार्कलिस्टकडे पाहू नकोस.